पाइपावरचे तीन ठोके

सोफिया, १२ सप्टेंबर २००६

दादा,

परवा फोनवर मी निदान वीस वेळा "पाइप, पाइप" म्हणून ओरडले आणि वीसही वेळा तू "काय?" एवढंच म्हणालास. शेवटी वरच्या बाई धावत खाली आल्या, घरात काही घडलं का बघायला. चाळीस वर्षं ड्रिल कानाशी धरून तू कान घालवलेस, त्याला आता इलाज नाही. म्हणून लिहितेय. चष्मा लावून सावकाश वाच आणि मिलेनाला दाखवू नकोस. लेकीला सगळंच कळायला हवं असं नाही.

आमच्या बाथरूमच्या मागून तळघरापासून आठव्या मजल्यापर्यंत जातो तो पाण्याचा उभा पाइप गळायला लागलाय. माझ्या पाचव्या आणि खालच्या चौथ्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी. आमच्या जिन्यावरच्या घरांची प्रमुख आहे त्सोन्का, पूर्वी शाळेत हेडमास्तरीण होती, अजून तशीच बोलते. तिने ठरवलंय, सगळा लोखंडी पाइप एका दिवसात काढायचा आणि प्लास्टिकचा टाकायचा. तुकड्यातुकड्याने करता येत नाही म्हणे, जुन्या जोडाला पान्हा लावला की पुढचा सुटतो. म्हणून आठही घरांनी एकाच दिवशी भिंत उघडून द्यायची. सात घरांनी सह्या केल्या. मी केली नाही.

मी सांगितलं, बाथरूमच्या टाइल्स आसेनने लावल्यात. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, त्याच्या हातची तेवढीच भिंत उरलीय. त्या गुलाबी टाइल्ससाठी तो दोन दिवस रांगेत उभा होता, आठवतं ना? आणि घरी आणल्यावर रंग बघून म्हणाला होता, "रांगेच्या टोकाला हाच रंग उरला होता."

तर तू एवढंच कर. एक कागद पाठव. "मी मास्टर प्लंबर स्टामेन, हा पाइप १९७४ साली स्वतःच्या हाताने बसवला असून तो अजून दहा वर्षं सहज टिकेल." खाली सही. जुना शिक्का सापडला तर तोही मार. त्सोन्काला शिक्क्यापुढे बोलता येत नाही.

तुझी,
वेलिका

ता. क. ढोबळ्या मिरच्या भाजून सालं काढतेय. एकटीसाठी अकरा बाटल्या कशाला करते, विचारू नकोस. बारा जमल्या नाहीत.


सेगोव्हिया, २४ सप्टेंबर २००६

वेलिका,

शिक्का आहे. मारणार नाही. या शिक्क्याने मी आजवर खोटं एकच लिहिलंय आणि तेही पार्टीच्या माणसाने डोक्यावर उभं राहून लिहून घेतलं होतं.

अगं, तो पाइप बत्तीस वर्षांचा आहे. माल तेव्हाच कसला होता ते मला विचार. आतून गंज धरून त्याचं भोक पेन्सिलीएवढं राहिलं असेल. तुझ्या नळाला पहिली दोन मिनिटं चहासारखं पाणी येत असणार. येतं ना? मग कसली दहा वर्षं? तो दहा महिने टिकला तर मी माझी टोपी खाईन.

टाइल्सचं म्हणशील तर एकही टाइल फोडायची गरज नाही. नीट वाच. पाइपाच्या पलीकडे तुझं स्वयंपाकघर आहे. ओट्याच्या डाव्या कपाटाची मागची फळी काढायची, तिथे चार बोटं जाडीची भिंत आहे, विटेची सुद्धा नाही, नुसती जिप्समची. तिथून हात घालायचा. प्लंबर तरणा असेल तर त्याला हे ठाऊक नसणार, तूच सांग. वर म्हणावं, "जोडाला धागा गुंडाळून सफेदा लावायला शिकला आहेस का, की नुसतं प्लास्टिक चिकटवतोस?" म्हणजे तो दबून राहील.

माझी काळजी करू नकोस. मिलेना फार करते माझं. स्वतंत्र खोली दिलीय. रोज सकाळी चौकात जातो, चार म्हातारे भेटतात, डोमिनो खेळतो. इथे गावाच्या मधोमध दोन हजार वर्षांपूर्वीचा पाण्याचा पूल आहे, नुसते दगडावर दगड, सांध्यात चुना नाही की काही नाही. मी डोमिनोवाल्यांना म्हटलं, गळत नाही कारण त्यात पाणीच नाही. फार हसले.

सही करून टाक.

स्टामेन


सोफिया, ८ ऑक्टोबर २००६

दादा,

पत्र मिळालं. कपाटाचं लक्षात आलं. पण त्या कपाटात बाटल्या आहेत, त्या कोण हलवणार? शिवाय जिप्समची धूळ माझ्या छातीला चालत नाही. शिवाय थंडी आली, नळ दोन दिवस बंद राहिला तर काय करायचं? शिवाय तो प्लंबर मला आवडला नाही, पायपुसण्यावरून बूट न पुसता आत येतो.

काल चौथ्या मजल्यावरची रालित्सा आली होती. तीन महिन्यांची मुलगी कडेवर. तिच्या बाथरूमचं छत काळं पडलंय, बाळाला अंघोळ घालताना वरून थेंब पडतात. पोरगी भांडली असती तर मी बरी उत्तरं दिली असती. पण ती म्हणाली, "आजी, तुम्हाला भीती वाटते का? मी दिवसभर तुमच्यासोबत बसेन, त्यांना घाण करू देणार नाही." आणि मी काय केलं? दार लावून घेतलं. तिच्या तोंडावर. बाळ झोपलेलं होतं, ते दचकून रडलं, ते मला आतून ऐकू आलं.

मी अशी नव्हते रे.

खाली फळ्यावर त्सोन्काने आठ नावं लिहिलीत, सातांपुढे निळी खूण आणि माझ्यापुढे लाल प्रश्नचिन्ह. जिन्यात माणसं मला बघून किल्ल्या शोधायला लागतात. पावाच्या दुकानातली सुद्धा गप्प होते. इतकी वर्षं इथे राहून आता मी सगळ्यांना नकोशी झालेय. तरी सही करणार नाही. तू तो कागद पाठव. मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही.

वेलिका


सेगोव्हिया, २० ऑक्टोबर २००६

वेलिका,

खोटं बोलणं तुला जन्मात जमलं नाही. आईचं दह्याचं मडकं फोडलंस तेव्हा तू एका दमात चार कारणं दिली होतीस, मांजर, वारा, भूकंप आणि मी. आताही तेच. टाइल्स, बाटल्या, छाती, बूट. ज्याला एक खरं कारण असतं तो चार देत नाही.

काय आहे ते सांग. कुणी धमकावतंय का? डोळ्यांनी दिसेनासं झालंय का? आसेनने त्या भिंतीत काही लपवून ठेवलंय का? सांगितलं नाहीस तर मी सरळ त्सोन्काला लिहीन की हिचं कुलूप तोडा. लहान लेकराच्या डोक्यावर गंजाचं पाणी पाडतेस, लाज नाही वाटत?

रागाने लिहितोय. इथे सकाळी सातला सगळे जातात ते संध्याकाळी सातला येतात. रागवायलाही कुणी नसतं, मग सगळं तुझ्यावर निघतं.

पण सांग.

दादा


सोफिया, २ नोव्हेंबर २००६

दादा,

सांगते. हसलास तर पुन्हा लिहिणार नाही.

पाण्याचं रेशनिंग होतं तो हिवाळा आठवतो? दोन दिवसांआड चार तास पाणी, ते कधी येईल त्याचा नेम नाही. बादल्या, कढया, बाथटब, सगळं मांडून माणसं नळाकडे डोळे लावून बसायची. पाणी आधी खालच्या मजल्यांना यायचं. दुसऱ्या मजल्यावर मानोल राहतात, ट्राम चालवायचे, तेव्हाच बायको वारलेली. त्यांच्या नळाला पाणी आलं की ते चमच्याने पाइपावर तीन ठोके द्यायचे. टण, टण, टण. आठव्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. पाणी आलं, भरा! मग आम्ही वरून दोन ठोके द्यायचो. कळलं! कुणीही काही ठरवलेलं नव्हतं, आपोआप सुरू झालं.

रेशनिंग संपलं. पाणी रोज यायला लागलं. सगळे विसरले. पण दादा, मानोल विसरले नाहीत. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तीन ठोके. उन्हाळ्यात तासभर उशिरा उठतात, सात दहाला. मी तोपर्यंत उठून, केस विंचरून, हातात चमचा घेऊन बाथरूममध्ये स्टुलावर बसलेली असते. मी दोन देते. मग खालून पुन्हा दोन येतात, "बरं बरं" म्हटल्यासारखे. झालं. मग मी कॉफी ठेवते.

अकरा वर्षं. आसेन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुद्धा. घरात माणसं निजलेली होती, मी स्टुलावर बसले, तीन ठोके आले, आणि मला वाटलं, चला, आजचा दिवस निघेल.

समोरासमोर भेट म्हणशील तर सगळी मिळून चारदा. त्यांचे गुडघे गेलेत, भाची सामान आणून देते, ते बाहेर पडत नाहीत. चारही वेळा आम्ही हवेबद्दल बोललो. ठोक्यांचा विषय कुणीच काढला नाही. काढायचा कसा? या वयात?

मागच्या मार्चमध्ये एके दिवशी ठोके आलेच नाहीत. तशीच खाली गेले, फाटकावर त्यांच्या फोटोचा मृत्यूचा कागद चिकटवलाय का बघायला. नव्हता. दिवसभर अन्न गेलं नाही. त्या दिवशी सकाळी वीजही गेलेली होती, म्हातारा माणूस अंधारात कुठे पडला असेल, काय काय मनात आलं. दुसऱ्या दिवशी सहा दहाला टण, टण, टण, आणि मी स्टुलावर बसून ढसाढसा रडले.

आता तूच सांग. प्लास्टिकवर चमचा मारला तर काय ऐकू येतं? मी त्सोन्काच्या नमुन्याच्या तुकड्यावर मारून पाहिलं. काही नाही. थप्प. कणकेवर मारल्यासारखं.

मला रालित्साच्या बाळाची दया येते. पण दिवसातून तेवढं एकदाच कुणीतरी मला विचारतं, आहेस का. ते मी कशी कापू देऊ?

वेलिका


सेगोव्हिया, ११ नोव्हेंबर २००६

वेलिका,

हसलो नाही. दोन दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. लिहू की नको, लिहू की नको. पण तू मला प्लंबर म्हणून विचारलंस आणि मी कुणालाही खोटा पाइप सांगितलेला नाही.

ते मानोल नाहीत. तो पंप आहे.

रेशनिंग संपल्यावर १९९५ च्या वसंतात तळघरात पंप बसला, तो मीच बसवला. त्याला टायमर लावला सकाळी सहाचा. माझं घड्याळ दहा मिनिटं मागे होतं, म्हणून तो सहा दहाला सुटतो. पंप एकदम सुटला की पाण्याचा धक्का वरपर्यंत जातो, आणि पाइप सैल असेल तर भिंतीवर आपटतो. दोनदा, तीनदा, मग थांबतो. उन्हाळ्यात आपण घड्याळं तासभर पुढे करतो, तळघरातला टायमर कोण पुढे करणार? म्हणून सात दहा. आणि वीज गेली त्या दिवशी ठोके आले नाहीत. मानोलच्या चमच्याला वीज लागत नाही, वेलिका.

पाइप सैल का, तेही मीच सांगतो. सप्टेंबरच्या राष्ट्रीय दिनाआधी इमारत पुरी करायची होती, आणि पाइप भिंतीला आवळायचे क्लॅम्प संपत आले होते. प्रत्येक मजल्यावर एक घट्ट बसवला, तुझ्या मजल्यावरचा तसाच सोडला. म्हटलं, बहीण आहे, तक्रार करणार नाही. नंतर येऊन बसवीन म्हटलं. मग तुम्ही टाइल्स लावल्या.

आणि तुझ्या दोनानंतर येतात ते दोन? ते तुझेच. पाइपातून तळाशी जाऊन परत येत असतील.

कटू आहे, पण खरं आहे. अकरा वर्षं तू एका सैल पाइपाशी बोललीस. आता सही कर आणि त्या पोरीला कोरड्या छताखाली बाळाला अंघोळ घालू दे.

स्टामेन


सेगोव्हिया, ३ डिसेंबर २००६

वेलिका,

तीन आठवडे झाले. तुझं पत्र नाही. शेवटी मिलेनाला फोन लावायला सांगितला, ती म्हणाली नुसता वाजतोय. पोस्टमन दिसला की मी जिना उतरून जातो, तो लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. आता तो मला चुकवून पलीकडच्या फुटपाथने जातो.

मी तसं लिहायला नको होतं. "सैल पाइपाशी बोललीस" हे तर नकोच होतं. अगं, मला एकदा खरं सापडलं की हातोडीसारखं मारतो, आई म्हणायची तेच.

तू सगळं खरं सांगितलंस, तर मीही सांगतो. डोमिनो नाही. चौकात म्हातारे आहेत, पण ते काय बोलतात मला ऐकू येत नाही आणि आलं तरी कळत नाही. त्यांनी दोनदा बोलावलं, मी दोनदा "काय?" म्हटलं, मग त्यांनी सोडून दिलं. पुलाची थट्टा मी मनातल्या मनात केली होती. हसलं कुणी नाही. स्वतंत्र खोलीही नाही, हॉलमधला सोफा आहे. पोरं उठायच्या आत घडी करून ठेवतो. नातवंडं गोड आहेत, माझ्याशी हातवारे करून बोलतात, नळ गळला की मला बोटाने दाखवतात. इथले नळ गळतही नाहीत फारसे.

दिवसाकाठी मला साधा पंपसुद्धा विचारत नाही. आणि मी तुझा तेवढा पंपही काढून घेतला.

जिवंत असशील तर एक ओळ लिही. रागाची चालेल.

दादा


सोफिया, १८ डिसेंबर २००६

दादा,

जिवंत आहे. फोनची वायर मीच काढून ठेवली होती.

तुझं पत्र वाचलं आणि खरं सांगते, तुझा इतका राग आला की तुझा लग्नातला फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. चार दिवस सकाळी बाथरूममध्ये गेलेच नाही. सहा दहा झाले की पलंगावर कानावर उशी. ठोके यायचे, यायचेच. मला ते नुसते ऐकू आले तरी अपमान झाल्यासारखं वाटायचं. अकरा वर्षं केस विंचरून पंपासमोर बसत होते मी! पंपासमोर!

पाचव्या दिवशी म्हटलं, आता जाऊन विचारायचंच. माणसाच्या तोंडून ऐकायचं आणि सही करायची. लिफ्ट नोव्हेंबरपासून बंद आहे, जिन्याने उतरले. दुसऱ्या मजल्यावर बेल दाबली. खूप वेळाने दार उघडलं. किती वाळलेत रे. लोकरीचे मोजे, हातात काठी, आणि मला बघून चेहरा पांढराफटक.

म्हणाले, "तुम्ही बऱ्या आहात!"

मी म्हटलं, "का? मला काय धाड भरलीय?"

"चार दिवस तुम्ही अर्धवटच... मी भाचीला म्हणणार होतो, वर जाऊन बघ. फाटकावर कागद लागलाय का, तिला रोज विचारत होतो."

मला काही कळेना. मी पाठ करून गेले होते तेच विचारलं, "रोज सकाळी पाइपावर तीन ठोके तुम्ही देता का हो?"

"मी?" ते म्हणाले. "मी दोन देतो. तीन तुम्ही देता. मागोमाग दोनही तुम्हीच देता, मग मी माझे दोन देतो. या चार दिवसांत तुम्ही तीन दिलेत, पण पुढचे दोन आलेच नाहीत."

दादा, मी तिथेच त्यांच्या बुटांच्या स्टँडवर बसले. ते दोन माझे नव्हते. ते दोन त्यांचे होते! तू मोठा मास्टर प्लंबर, तुला तेवढं कळलं नाही. ते समजत होते तीन ठोके मी देते, मी समजत होते ते देतात. दोघंही नुसते उत्तर देत होतो. अकरा वर्षं!

त्यांनी विचारलं, "मग सुरुवात कोण करतं?"

मी म्हटलं, "माझा भाऊ. तो स्पेनमध्ये असतो."

मग सगळं सांगितलं, क्लॅम्प, पंप, दहा मिनिटं मागे असलेलं घड्याळ. आधी ते हसले, मग मी हसले, मग कोणाचे डोळे आधी भरले ते मला माहीत नाही. म्हणाले, "मी सही केली होती, त्सोन्काला नाही म्हणायची हिंमत झाली नाही. पण तुम्ही केली नाहीत असं कळलं, आणि मी रोज देवाचे आभार मानत होतो." एवढं ते मला कधी येऊन म्हणाले असते तर? आणि मी तरी गेले असते तर? तीन मजले आहेत फक्त मध्ये.

त्याच दिवशी सही केली. त्सोन्काने माझ्यापुढे निळी खूण करताना खडू मोडला. बारा तारखेला पाइप बदलला. कपाटातून, तू सांगितलंस तसंच, एकही टाइल फुटली नाही. रालित्सा दिवसभर माझ्याकडे होती आणि बाळ माझ्या पलंगावर झोपलं होतं. प्लंबरला सफेद्याचं विचारलं, बिचारा बूट काढून काम करायला लागला. आतून पाइप खरंच पेन्सिलीएवढा उरला होता. आणि जिथे तो भिंतीवर आपटत होता तिथे नाण्याएवढी जागा घासून चकचकीत झालेली. बाकी सगळा गंज आणि तेवढीच जागा लख्ख.

पाणी आता धो धो येतं. आणि सकाळी सहा दहाला काही नाही.

तेराला उठून बसले, सवयीने. चमचा हातात. काही नाही. चौदालाही नाही. खाली जावं म्हटलं, पण नुसतं असं कसं जायचं, काय निमित्त? पंधरा, सोळा, तसेच गेले, काल तर केसही विंचरले नाहीत. घर इतकं गप्प की फ्रिज दचकवायचा. मनात म्हटलं, हे बघ वेलिका, ते दाराशी बोललात ते बोललात, आता तुला सुरुवात करणारं कुणी नाही.

आज झगा अंगात घातला, चपला घातल्या आणि निघाले. निमित्त नाही, काही नाही. चौथा मजला उतरले आणि तिसऱ्याच्या वळणावर पायरीवर मानोल बसलेले. काठी बाजूला, धाप लागलेली, कपाळावर घाम. एकच मजला चढले होते आणि त्यालाच अर्धा तास लागला होता. हातात चमचा.

मी म्हटलं, "अहो, हे काय वेड?"

त्यांनी चमच्याने जिन्याच्या लोखंडी कठड्यावर तीन ठोके दिले. टण, टण, टण. पार वर आठव्यापर्यंत गेले ते. माझ्याकडे चमचा नव्हता. मी अंगठीने दोन दिले.

कुणीतरी वरून ओरडलं, "काय चाललंय सकाळी सकाळी!" त्सोन्काच असणार.

त्यांना धरून खाली नेलं, त्यांच्याकडे कॉफी प्यायलो. फार कडू करतात. उद्या मी जाणार आहे, परवाही मीच. ते चढणार नाहीत, तसं वचन घेतलंय. पण दादा, त्यांचे पाय बघितले, आणि मनात आलं, हे किती दिवस? असो. आज तरी गेले.

तुझा फोटो सरळ केला. सोफ्याचं मला आधी का नाही सांगितलंस? मी अकरा बाटल्या करते आणि तू तिथे उपाशी मनाने बसलास. शनिवारच्या बसने पार्सल पाठवतेय, ड्रायव्हर ओळखीचा आहे. पाच बाटल्या आहेत आणि जुन्या पाइपाचा हातभर तुकडा. चकचकीत जागा आहे तोच. प्लंबर भंगारात टाकत होता, मी ओढून घेतला. तुझंच काम आहे, तूच सांभाळ.

तुझी,
वेलिका


सेगोव्हिया, १४ जानेवारी २००७

वेलिका,

पार्सल मिळालं. एक बाटली फुटली, चार पोचल्या. बस ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, स्पेनमध्ये गंजकं लोखंड मिळत नाही का?" मी म्हटलं, असलं नाही मिळत.

मिलेना म्हणाली, "बाबा, हे घरात नको, सोफ्याला डाग पडतील." म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून सोफ्याखाली ठेवलाय. रात्री हात खाली गेला की लागतो.

त्या तुकड्यावर माझ्या पान्ह्याची खूण आहे. बत्तीस वर्षांनी ओळखली. मी आयुष्यात हजारो पाइप बसवले, एकूण एक घट्ट, गप्प. कुणाच्या उपयोगाला आला तो हाच, नीट न बसवलेला. त्या दोन ठोक्यांबद्दल मी चुकलो. ते तुझे परत येणारे नव्हते. मानोलना माझा नमस्कार सांग आणि कॉफीत पाणी जास्त घालायला सांग.

आता एक सांगतो, हसायचं नाही. तुमचे सहा दहा म्हणजे आमचे पाच दहा. त्या वेळी घरात सगळे झोपलेले असतात. मी पाइप मांडीवर घेतो, डाव्या हाताने घट्ट धरतो आणि चमच्याने तीन ठोके देतो. हळू, पोरं उठायला नकोत. मला ऐकू येत नाही, पण हाताला कळतं. कोपरापर्यंत येतं. मग थोडा वेळ तसाच धरून बसतो.

उत्तर येत नाही, यायचं कारणही नाही, दोन्हीकडून कापलेला पाइप आहे. पण सुरुवात करायची सवय माझीच, असं तूच लिहिलंस. तर मी रोज तीन देत जाईन. तू खाली कॉफीला निघण्याआधी कठड्यावर दोन दे. मला ऐकू येणार नाही, पण तुझ्या शेजारी बसलो असतो तरी कुठे आलं असतं? दिलेस एवढं फक्त लिहून कळवत जा.

दादा